कानापासून सहा इंच

डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशातून नेहमी एक लाकडी फूटपट्टी डोकावत असे. शाळकरी पोरांच्या दप्तरात असते तसली साधी, कडा झिजलेली. निम्मी खिशात, निम्मी बाहेर. त्या पट्टीने ते तीन कामे करीत. पेशंटच्या कानापासून बाटलीची उंची मोजत, सांगितलेले न ऐकणाऱ्या माणसासमोरच्या टेबलावर ती फाडकन आपटत आणि विचारात असले की तिनेच पाठ खाजवत. वॉर्डातली कानडी माणसे त्यांना 'स्केल डाक्टरु' म्हणत, आम्ही फूटपट्टी डॉक्टर म्हणायचो. त्यांना दोन्ही नावे ठाऊक होती आणि दोन्हींचा राग येत असे. राग त्यांना सगळ्याचाच येत असे.

त्यांचे खरे नाव मी लिहीत नाही, इस्पितळाचेही लिहीत नाही. लिहिले तर तिथे आज काम करणाऱ्यांना उगाच लागेल, आणि ज्यांना लागायला हवे ते केव्हाच मरून गेले. आई होती तोवर हे लिहिणे शक्यच नव्हते. आई गेल्या वर्षी गेली.

साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. आम्ही निपाणीकडचे. वडील गेल्यावर थोरल्या भावाने, अण्णाने, आईला आणि मला बंगळूरला आणले. तो शिवाजीनगरात एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. मी सरकारी कचेरीत नकाशे काढायला नुकताच लागलो होतो. एका दुपारी देवनहळ्ळीच्या रस्त्याला कुणाच्या तरी मळ्यावर पंपाचा भाग बसवून अण्णा सायकलने परत येत होता. लॉरीने त्याला उडवले. अंगावर खरचटण्यापलीकडे काही नव्हते. मार सगळा डोक्याला.

त्या इस्पितळात डोक्याला मार लागलेल्या माणसाचे काय करीत ते सांगतो. खोलीत अंधार करीत, कपाळावर ओले फडके ठेवीत आणि वाट बघत. सकाळी एक मोठे डॉक्टर येत, पापणी वर करून बॅटरी मारीत आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटून पुढच्या खाटेकडे जात. आम्ही विचारले तर बोट वर, आभाळाकडे. शिकलेल्या माणसाने पगार घेऊन आभाळाकडे बोट दाखवावे याची चीड मला तेव्हाही आली होती.

फूटपट्टी डॉक्टरांनी आभाळाकडे बोट दाखवले नाही. आमच्या खाटेशी आले, मी आणलेला जेवणाचा डबा उचलला आणि माझ्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे, तम्मा?"

"डबा."

"झाकण घट्ट आहे ना? डोकं म्हणजे हा डबा. मार लागला की आत मेंदू सुजतो. डबा काही मोठा होत नाही. मग मेंदूनं जायचं कुठं?"

त्यांनीच पुढे सांगितले. मेंदूत आणि मणक्यात पाण्यासारखा एक द्रव असतो. मेंदू काढता येत नाही, रक्त काढता येत नाही, हे पाणी मात्र स्वल्प काढता येते. तेवढीच जागा होते, आतला दाब तेवढाच उतरतो.

"त्यानं अण्णा वाचेल?"

"ते मला ठाऊक नाही. तेच तर बघतोय. सुम्मने, उगीच 'वाचेल' म्हणून सांगणारा हवा असेल तर दाराशी अंगारेवाला बसतो. आत्ता हा मरतोय, एवढं मी सांगतो."

त्यांची मराठी ही अशी. त्यांचे घराणे शहाजीराजांच्या वेळेपासून इथले. घरात मराठी बोलत, पण तिच्यात इतक्या पिढ्यांची कानडी मुरलेली की आमच्या आईला पहिल्यांदा ते थट्टा करताहेत असे वाटले. मला 'तम्मा' म्हणजे धाकटा भाऊ म्हणत, आईला 'अक्का'. आणि एखादी गोष्ट संपली की 'सरी', म्हणजे 'ठीक', म्हणत. त्यांची 'सरी' आली की पुढे बोलायचे नाही.

आईने आणि मी होकार दिला. अण्णाच्या कवटीला एक बारीक भोक पाडून आतल्या पोकळीत रबराची नळी घातली. नळीचे दुसरे टोक एका काचेच्या बाटलीत, आणि ती बाटली खाटेजवळच्या लोखंडी स्टँडच्या हुकावर. नळीचे बाटलीतले तोंड अण्णाच्या कानाच्या भोकापासून बरोबर सहा इंच वर. फूटपट्टी कशाला होती ते मला त्या दिवशी कळले. आतला दाब तेवढ्याच्या वर गेला तर पाणी बाटलीत सांडते, खाली असला तर सांडत नाही. मी नकाशेवाला, मला लगेच समजले. धरणाचा सांडवा असतो, तसे.

वॉर्डातल्या नर्स, आया, झाडूवाले, सगळ्यांना ते हे कानडीत पाठ करून घ्यायला लावीत. "बाटली वर गेली तर पाणी येणार नाही, माणूस हळू मरेल. खाली गेली तर सगळं पाणी येईल, मेंदू कवटीपासून सुटेल, शिरा तुटतील, माणूस लवकर मरेल. मधे सहा इंच आहेत, तिथं जगायचं." नातेवाइकांना मात्र ते एवढेच म्हणत, "हात लावू नका." कारण सांगत नसत. नातेवाइकांवर त्यांचा विश्वासच नव्हता.

तो विश्वास नसावा अशीच माणसे तिथे येत, हेही लिहायला हवे. बेशुद्ध माणसाच्या नाकाला कांदा लावायचे, चामड्याची चप्पल लावायचे, गदागदा हलवून हाका मारायचे. एका पेशंटच्या मामाने भाच्याला उचलून बसवले आणि तोंडात कॉफी ओतली. डॉक्टरांची पट्टी टेबलावर अशी आपटली की आख्खा वॉर्ड दचकला.

"कॉफी पिऊन हा उठणार असता तर मी घरी बसलो असतो की रे. श्वासनळीतनं जाऊन फुप्फुसात बसली ती कॉफी. आता ती तू काढ."

"डॉक्टर, एक घोटच..."

"तुला डोकं आहे का? मग त्याच्या डोक्याला हात लावू नको."

मामा रडायला लागला. डॉक्टरांनी ढुंकून पाहिले नाही. पुढच्या खाटेकडे जाताना पुटपुटले, "प्रेम करतात. प्रेमानं मारतात."

मला त्यांनी एक काम दिले. मी कचेरीच्या आधी आणि नंतर वॉर्डात असे. दाब मोजायच्या काचेच्या नळीतली पातळी त्यांनी मला वाचायला लावली. मी उभ्याउभ्या आकडा सांगितला, तर पट्टी माझ्या खांद्यावर पडली.

"उभं राहून वाचतात ती गाढवं. डोळा पाण्याच्या पातळीला आण."

मी गुडघ्यावर बसलो. डोळा पातळीला आणला. आकडा वेगळा निघाला. त्यानंतर त्यांनी माझा आकडा पुन्हा तपासला नाही. पुढे इतकी वर्षे नोकरी केली, तेवढा मान मला तिथे कुणी दिला नाही.

आकडे उतरत गेले. अण्णाची बोटे हलली, मग त्याने माझा हात दाबला. एका सकाळी डोळे उघडून, जीभ जड असताना, तो म्हणाला, "सायकल कुठाय?"

आई तोंडात पदर घालून रडली. मी पळत जाऊन डॉक्टरांना बोलावले. ते आले, अण्णाचे डोळे बघितले, हातपाय हलवायला लावले आणि चिडले.

"आई समोर बसलीय आणि हा सायकल विचारतोय."

मग आमच्याकडे पाठ करून ते खिडकीशी उभे राहिले आणि कितीतरी वेळ पट्टीने पाठ खाजवत राहिले.

आता त्या दिवसाचे.

तो रविवार होता. रविवार जोतिबाचा. आईने इस्पितळाच्या नळावर आंघोळ केली. गावाहून आणलेली जोतिबाची तसबीर तिच्याजवळ होती. ती कुठे ठेवावी म्हणून तिने पाहिले, तर मुलाच्या डोक्यावर, सगळ्यात वर, त्याच्या अंगातून निघालेले लालसर पाणी टांगलेले, आणि देव खाली पिशवीत. हे तिला सहन झाले नाही. तिने बाटली हुकावरून काढली. ओढाताण केली नाही, थेंब सांडू दिला नाही. जमीन पुसून घेतली, नवा पंचा घडी करून अंथरला, त्यावर बाटली ठेवली आणि ती उघडी दिसू नये म्हणून वरून फडके घातले. हुकावर जोतिबा अडकवला, त्याला गुलाल लावला, अण्णाच्या कपाळाला लावला. अण्णा शांत झोपलेला दिसत होता. आईला वाटले, देवाने केले.

मी कॉफीचा थर्मास घेऊन पोचलो तेव्हा डॉक्टर जमिनीवर गुडघ्यांवर बसलेले होते. रबराची नळी दोन बोटांत चिमटून धरलेली, समोर भरलेली बाटली. मला वाटले आता पट्टी आपटेल. ती खिशातच राहिली.

"अक्का," त्यांनी हळू आवाजात विचारले, "हे खाली कोणी ठेवलं?"

"मी ठेवलं," आई म्हणाली. "देवाच्या जागी ते कशाला?"

त्यांनी तिच्याकडे पाहिले. मग हुकावरच्या तसबिरीकडे पाहिले.

"सरी," ते म्हणाले.

अण्णाला पुन्हा ऑपरेशनला नेले. कवटीच्या आत शिरा तुटून रक्त साठले होते. तो टेबलावरच गेला.

इस्पितळाच्या सुपरिंटेंडेंट साहेबांना हेच हवे होते. हा माणूस असा की दिल्लीहून कुणी पाहुणा येणार म्हटले की वॉर्डाला चुना मारून घ्यायचा, पाहुणा गेला की पुढच्या चुन्यापर्यंत वॉर्डात फिरकायचा नाही. अंधाऱ्या खोलीत ओल्या फडक्याखाली माणसे मेली, त्याबद्दल त्याने कधी कुणाला जाब विचारला नाही. आभाळाकडे बोट दाखवले की जाब संपतो. पण डॉक्टरांनी काहीतरी केले होते, म्हणून त्यांना जाब. तीन माणसांची चौकशी समिती बसली. बाटली खाली कशी आली, असा प्रश्न होता.

डॉक्टरांनी एका वाक्यात उत्तर दिले. "बाटलीची उंची ही माझी जबाबदारी."

मला हे वॉर्डातल्या नर्सने सांगितले. मी संतापून त्यांना गाठले. ते इस्पितळाच्या मागच्या पायरीवर बसून पेरू खात होते.

"मी साक्ष देतो," मी म्हणालो. "आईनं ठेवली म्हणून सांगतो."

"आणि मग?"

"मग तुमच्यावरचं बालंट जाईल."

"आणि तुझी आई? तिला कळल्यावर ती जेवेल?"

त्यांनी पेरूचा आणखी एक चावा घेतला.

"तम्मा, ती अजून पुष्कळ वर्षं जगणार. त्या वर्षांत तिनं मला शिव्या द्याव्या. मला सवय आहे. स्वतःला द्यायला लागली तर तिला कोण सोडवणार, तू?"

"पण ते तुमचं काम बंद पाडतील. बाकीचे पेशंट मरतील."

त्या रविवारी गुडघे टेकून नळी चिमटीत धरली तेव्हापासून दाबून ठेवलेला राग आता बाहेर आला. पेरू फेकून ते उभे राहिले. "मला ते ठाऊक नाही वाटतं? तुझ्या आईचा मला राग आला नाही असं वाटतं तुला? मी वॉर्डातल्या झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ करून घेतलं, आणि जी बाई चोवीस तास तिथं बसते तिला नुसतं 'हात लावू नका' म्हणून सांगितलं. हे कुणी केलं? तिनं? आईला सांगायचं नाही. सरी."

त्यांचे चूक होते की बरोबर, हे मला अजून ठरवता आलेले नाही. चौकशीत ते खरे बोलले असते तर कदाचित काम टिकले असते, आणि टिकलेल्या कामाने कुणाचा तरी अण्णा वाचला असता. माझ्या एका आईसाठी त्यांनी तो धोका पत्करला. हे ठरवणारे ते कोण? मी त्यांना जीव लावला, आणि त्यांच्यावरचा माझा रागही गेलेला नाही. दोन्ही जागच्या जागी आहेत.

चौकशीचा निकाल लागायला वेळ होता. तेवढ्यात त्यांनी मला बोलावून एक नकाशा काढायला सांगितला. सागवानी पेटी, बाटली आत मावेल एवढी. आत वरती पितळी हुक, पुढे पाणी दिसायला काचेची उभी फट, मागे स्टँडला पक्के बसवायला स्क्रू आणि दाराला कुलूप. शिवाजीनगरातल्या एका सुताराकडे आम्ही दोघे गेलो. पेटी तयार झाल्यावर डॉक्टर मला शेजारच्या तसबिरींच्या दुकानात घेऊन गेले.

"कुठला देव घेऊ?" मी विचारले. मला काही कळले नव्हते.

"ज्याला कुणी खाली ठेवणार नाही तो."

त्यांनी तीन चित्रे घेतली. व्यंकटरमण, मक्का आणि क्रूस. पेटीच्या एका बाजूला एक, दुसरीला दुसरे, तिसरीला तिसरे, अशी स्वतःच्या हाताने चिकटवली. पेशंट बघून स्टँडच फिरवायचा. ज्या माणसाने वॉर्डात अंगारा दिसला तरी पट्टी आपटावी, तो खळीने बोटे बरबटवून देव चिकटवत होता.

"कुलूप आहे की," मी म्हणालो. "देव कशाला?"

"कुलपाची पेटी कुणाची तरी आई स्क्रू काढून खाली ठेवील. देवाची नाही ठेवणार."

आणि नाहीच ठेवली. पेटीला लोक हात जोडत, लांबून फूल टाकत, पण सहा इंचांवरून ती एक केसभर हलली नाही. बांधकामाच्या परांचीवरून पडलेली एक गवंडीकाम करणारी बाई त्या पेटीखाली शुद्धीवर आली आणि आपल्या पायांनी घरी गेली. तिच्या नवऱ्याने पेटीपुढे नारळ ठेवला, तर डॉक्टर ओरडले, "नारळ इकडे आण. पेटीला काय खायला घालतोस?" आणखी एक पोरगा वाचला. बाकीचे वाचले नाहीत, तेही सांगितले पाहिजे. मी उत्साहाने काही बोललो तर ते म्हणाले, "दोघं वाचले म्हणजे काही सिद्ध झालं नाही. पण थांबवलं तर कधीच होणार नाही."

थांबवले. कारण काय दिले ते वाचून मी कचेरीत दऊत फोडली. आधुनिक इस्पितळात देवाची पेटी लावून डॉक्टर लोकांच्या अंधश्रद्धेला खतपाणी घालतात, हे इस्पितळाला शोभत नाही. ज्या समितीच्या दालनात दर शुक्रवारी पूजा होऊन चुरमुरे वाटले जात, तिने हे लिहिले. त्याच कागदात खाली, बाटलीच्या उंचीबाबत डॉक्टरांचा निष्काळजीपणा त्यांच्याच कबुलीने सिद्ध झाल्याचे होते. नळ्या, बाटल्या जमा झाल्या. खोलीत पुन्हा अंधार आणि ओले फडके.

डॉक्टरांनी राजीनामा दिला आणि लांबच्या एका जिल्ह्याच्या गावी छोट्या दवाखान्यात गेले. मी त्यांना शिवाजीनगरच्या बसस्टँडवर पोचवायला गेलो. हमालाने ट्रंक उलटी ठेवली म्हणून ते त्याच्यावर ओरडले, कंडक्टरने तिकीट फाडताना आकडा चुकवला म्हणून त्याच्यावर. बस सुटायच्या आधी खिडकीतून वाकून त्यांनी विचारले, "आईला सांगितलं नाहीस ना?"

"नाही."

"सरी."

ते त्यांचे शेवटचे बोलणे. तिकडेच ते वारले, तेही मला फार उशिरा कळले. आज त्याच शहरात डोक्याला मार लागलेल्या माणसाला ही नळी घालतात, कानापासूनची उंची मोजतात, आणि कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही. मोजणाऱ्यांना त्यांचे नाव ठाऊक नाही.

आईने मात्र त्यांना विसरू दिले नाही. अण्णाच्या श्राद्धाच्या दिवशी नैवेद्याची वाडी दाखवून झाली की ती सुरू होई. "त्या पट्टीवाल्यानं माझ्या पोराच्या डोक्यातलं पाणी काढून घेतलं. सायकल विचारत होतं रे माझं पोर. चांगलं होत आलेलं." माझी बायको, मुले, सगळी 'हो आई' म्हणत. मी भात कालवत असे. ताटातले सगळे खात असे, कारण मी जेवण टाकले तर आई का म्हणून विचारील, आणि त्या क्षणी माझ्या तोंडून काय निघेल याचा मला भरवसा नव्हता.

आई जायच्या थोडे आधी तिच्या मोतीबिंदूसाठी त्याच इस्पितळात जावे लागले. इमारतीला नवा रंग होता. ऑपरेशननंतर पट्टी सोडली, तिला दिसायला लागले आणि मी तिला हाताला धरून व्हरांड्यातून आणत होतो. कोपऱ्यात भिंतीवर एक छोटा देव्हारा होता. पुढे पणती, झेंडूची माळ. व्यंकटरमणाचे चित्र धुराने काळे पडलेले. पुढे काचेची उभी फट.

मी जागच्या जागी थांबलो. वाकून, डोळा पातळीला आणून फटीतून पाहिले. आत अंगाऱ्याच्या पुड्या होत्या आणि वर पितळी हुक, माझ्या नकाशात होता तिथेच.

"फार जागृत आहे हो," जवळून जाणारी आया कानडीत म्हणाली. "ऑपरेशनला जाताना सगळे पाया पडतात. कोणी बसवला कुणालाच ठाऊक नाही."

आईने चप्पल काढली, पदर सारखा केला आणि बराच वेळ हात जोडून उभी राहिली. मग डोळे पुसत माझ्याकडे वळली.

"अण्णाच्या वेळी हा देव इथं नव्हता बघ," ती म्हणाली. "असता तर माझं पोर वाचलं असतं."

"हो," मी म्हणालो. "वाचला असता."